तुम्ही विचारलंत म्हणून: बंदर झालं की आपल्याकडं मालगाडी येईल का?

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, मी हिशोब पाहतो. हंगामात काट्यावर गाड्यांची रांग लागली की कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, तिकडं डहाणूजवळ वाढवणचं एवढं मोठं बंदर होऊन राहिलं. मग आपल्या शकुंतलेची मालगाडीसाठी मोठी लाईन काऊन करत नाहीत?"

शकुंतला म्हणजे आपली जुनी छोटी रेल्वे, तिच्यावर माझाही जीव आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरचे ते अरुंद रूळ इंग्रजी कंपनीनं टाकले ते कापसासाठीच. गाठी मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या गाडीत चढवायच्या, मग मुंबई बंदर, पुढं मँचेस्टर. दूरच्या बंदराच्या भरवशावर रेल्वे झाली ती अशी. पण तेव्हा तिची स्पर्धा बैलगाडीशी होती. आज ट्रक थेट आमच्या गेटात लागतो. हमाल गाठी एकदाच चढवतात, ताडपत्री बांधली की माल सरळ मिलच्या दारात. रेल्वेनं पाठवायचं तर स्टेशनावर एक चढउतार, तिकडं उतरल्यावर दुसरी, आणि प्रत्येक वेळची हमाली वेगळी.

आता हिशोब पाहा. एक गाठ साधारण १७० किलोची. एका मालगाडीत अडीच हजार टन धरले तरी नुसत्या वजनानं पंधरा हजारांच्या आसपास गाठी लागतात. म्हणजे आमच्या जिनिंगचा जवळजवळ अख्खा हंगाम एका गाडीत बसला! तोही दिवाळीनंतर चार-पाच महिन्यांचा. उरलेलं वर्ष त्या रुळांवर काय न्यायचं? शिवाय आमच्या बऱ्याच गाठी गुजरात नाहीतर तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत जातात, बंदराचं तोंडही पाहत नाहीत.

गडचिरोलीची गोष्ट वेगळी. सुरजागडचं लोहखनिज जड, बारमाही आणि एकाच डोंगरातून निघणारं. तिथं मालगाडीची लाईन मागणं मला पटतं. ते ओझं रस्त्यानं वाहण्यासारखंच नाही.

म्हणून नुसत्या वाढवणसाठी इथं नवीन रूळ टाका, असं मी म्हणणार नाही. पण वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरची लाईन होतेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत गाडी सुरूही झाली. ती आधी माणसांसाठी हवी. तिच्यावर यवतमाळला चांगला मालधक्का, म्हणजे मालगाडीत माल चढवायची-उतरवायची जागा, मात्र आत्ताच मागून घ्यायला हवा. आज खताचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, धामणगावला लागतो आणि युरिया तिथून ट्रकनं आपल्याकडं येतो. तो रेक यवतमाळात उतरला तर परतीच्या रिकाम्या डब्यांत सोयाबीनची ढेप, तूर, कापसाच्या गाठी भरता येतील. जाता-येता माल असला की भाडं परवडतं. बंदराला जाणारे कंटेनर निघालेच, तर तेही याच धक्क्यावरून चढतील.

पुढच्या वेळी खासदार गावात आले की बंदराचं राहू द्या, मालधक्क्याचं विचारा. निवेदन लिहायला मी बसतो, सह्या तुम्ही गोळा करा.