मामाची बोट, आप्पांचा मायक्रोमीटर आणि चहासारखं पाणी

हत्तरगीच्या टोलनाक्यावर एका पोरानं टेम्पोत वाकून बघितलं आणि विचारलं, "साहेब, बेळगावात समुद्र कधी आला?" आप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेले, त्यांनी मान पण वळवली नाही, "येतोय, जरा दम काढ" म्हणाले. मागं सोळा फुटांची फायबरची बोट, तिच्यावर उसाचा पाला चिकटलेला आणि आत कोंबडीची पिसं, कारण गेली कित्येक वर्षं मामाच्या गोठ्यामागं ती पालथी पडलेली आणि खाली कोंबड्या अंडी घालत होत्या.

थोडं मागचं सांगतो. मामाचं गाव चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठाला, यडूरच्या अलीकडं. कल्लोळ-यडूरचा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो हे आमच्याकडं बातमीत ऐकावं लागत नाही, मामाचा फोनच येतो. २००५ च्या महापुरात गावाचे हाल झाले म्हणून मामानं मालवणातून ही बोट जुनी घेतली, मागं ४० एचपीचं टू-स्ट्रोक मशीन. पूर नसेल तेव्हा पलीकडच्या रानातनं वैरण आणायला, पूर आला की माणसं आणि शेरडं काढायला. मग २०१९ चा ऑगस्ट आला. मामानं बोट गोठ्याच्या खांबाला करकचून बांधली, वाहून जाऊ नये म्हणून, आणि नेमकं तिथंच चुकलं, कारण पाणी खांबाच्या वर चढलं आणि दोर आखूड पडला. बोट वर यायला बघते आणि दोर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली ओढतो, मग आत पाणी, मग मशीन बुडालं, आणि पूर ओसरल्यावर बोट पत्र्याच्या शेडात तिरकी अडकलेली सापडली.

तेव्हापासून "दाजी, एकदा बघा की मशीन" हे मामाचं दर दिवाळीचं वाक्य. आप्पा उद्यमबागेत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्याच्या, लाइनवर आयुष्य काढून रिटायर झालेले, वीस मायक्रॉन इकडंतिकडं झाले की जॉब रिजेक्ट करणारा माणूस, आणि रिटायर झाल्यावर घरात काय करायचं तर मिक्सर उघडायचा. आईच म्हणाली, "आणा ती बोट इथं, निदान माझा मिक्सर वाचंल."

सगळ्यांच्या डोक्यात एकच, मशीन बिघडलंय, मशीन चालू झालं की बोट चालू. आप्पांनी दोन आठवडे त्या मशीनमध्ये घातले. हेड काढलं तर पाण्याच्या वाटांमध्ये कृष्णेचा गाळ विटेसारखा वाळून बसलेला. पिस्टन डिझेल ओतून ओतून एकदाचे सुटले, पण खाली कनेक्टिंग रॉडच्या रोलर बेअरिंगला असा गंज की बोटानं भुकटी निघत होती. यांनी आयुष्यभर एकसंध फोर्जिंगचा क्रँक बघितलेला, आणि हा तुकड्यातुकड्यांचा, प्रेसमध्ये दाबून बसवलेला. दोन दिवस तो हातात घेऊन फिरवत बसले, "करता येईल, करता येईल" म्हणत. मी मनात म्हटलं झालं, आता बोट नाही, क्रँकच होणार आपल्या घरात. शेवटी तेच म्हणाले, सोड, नवीन मशीन बघू.

मामाचं म्हणणं नवीन कशाला, विहिरीवरचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन पडूनच आहे, ते आत बसवू, मागनं शाफ्ट काढू. आप्पांना किर्लोस्कर म्हटलं की भरून येतं, १८८८ ला लक्ष्मणरावांनी सायकलचं दुकान काढलं ते आमच्या बेळगावात, पुढं १९१० ला किर्लोस्करवाडीला गेले ते आपल्या नगरपालिकेनं जागेवरनं उठवलं म्हणून, हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगतात. तरी पण या बाबतीत ते मामाला नाही म्हणाले. पंपाचं इंजिन जडच्या जड, आणि एका आरपीएमवर दिवसभर चालायला बनवलेलं. शिवाय बोटीच्या बुडाला भोक पाडून शाफ्ट घालायचा म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून ग्लँड, शिवाय कपलिंग आणि अलाइनमेंट आलं. मामा दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच गोव्याला जाऊन वॉटर स्पोर्टवाल्याकडनं जुनं फोर-स्ट्रोक ४० एचपी घेऊन चोर्ला घाटातनं आला, कुणाला न विचारता.

मशीन तसं बरं निघालं. आप्पांनी कॉम्प्रेशन तपासलं, तिन्ही सिलिंडर जवळपास सारखे. खालचा स्क्रू काढून गिअर ऑइल बघितलं, दुधासारखं झालेलं असलं की आत पाणी शिरलंय म्हणून समजायचं, हे स्वच्छ काळं होतं. फक्त त्याचा पाय लांब होता. आउटबोर्डमध्ये, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरनं लटकवायच्या मशीनमध्ये, शॉर्ट शाफ्ट म्हणजे साधारण १५ इंच आणि लाँग म्हणजे २०, आमच्या बोटीची मागची फळी १५ ची आणि मामानं आणलं २० चं. पाच इंच मशीन जास्त खाली लटकणार, म्हणजे पाण्यात ओढ जास्त आणि वाळूत पंखा आधी घासणार. आता मामाला बोलायची पाळी आप्पांची होती, आणि ते बोललेही असते, पण त्याच दिवशी ती फळी वाजवून बघितली.

हे मला एका मालवणच्या मिस्त्रीनं फोनवर सांगितलेलं. पाच रुपयाचं नाणं घ्या आणि मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, सगळीकडं ठोकून बघा. चांगली असेल तिथं टण वाजतं आणि सडलेली असेल तिथं ढब. आम्ही ठोकत गेलो, कडेला टण, टण, आणि मधे जिथं मशीनचे बोल्ट होते तिथं सगळं ढब. माझी मुलगी खडूनं ढबवाल्या जागेवर गोल काढत होती, शेवटी एवढे गोल झाले की तिनं विचारलं, "आज्जा, टणचेच काढू काय?" मग आतल्या बाजूनं ६ मिलिमीटरचं भोक मारलं आणि त्यातनं पाणी आलं, काळं, उकळून उकळून ठेवलेल्या चहासारखं, आणि वास कुजलेल्या पाल्याचा. वर्षानुवर्षं कोरड्यात पडलेल्या बोटीच्या आत पाणी! बाहेरनं फायबर चकचकीत, आतल्या प्लायवूडचा भुगा, हातानं खरवडला तर खाली पडला.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मशीन चालू झालं असतं आणि फुल दिलं असतं, तर मशीन फळीसकट नदीत गेलं असतं."

कारण अगदी फालतू होतं. कधीतरी कुणीतरी मशीन बसवताना बोल्टची भोकं सरळ प्लायमधनं मारली आणि बाहेर थोडं सिलिकॉन लावून दिलं. सिलिकॉन सुटलं, पाणी भोकातनं प्लायच्या थरात शिरलं, दोन्ही बाजूंनी फायबर असल्यामुळं बाहेर यायला वाट नाही. लोणच्याची बरणीच म्हणा.

तर मग खरं काम इथनं सुरू झालं. बाहेरचं फायबरचं कातडं ठेवायचं, आतलं ग्राइंडरनं कापून काढायचं आणि मधला प्लाय खरवडून टाकायचा. फायबरची धूळ ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, खाजकुयली परवडली. फुल बाह्या, मास्क, गॉगल, सगळं घातलं तरी मानेवर शिरतेच, आणि आईनं आम्हाला घरात घ्यायचं बंद केलं, मागच्या नळावर आंघोळ आणि मगच जेवण. शेजारचे काका रोज संध्याकाळी कंपाउंडवरनं, "काय करूलासा ओ?" आणि आप्पांचं रोजचं उत्तर, "दात काढूलोय."

प्लाय घेताना दुकानदार वॉटरप्रूफच्या नावाखाली काहीही देतो, आम्ही आयएस ७१० चा शिक्का बघून मरीन प्लाय घेतला. १८ मिलिमीटरचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ३६. आणि फळी नवीनच करायची आहे तर उंची २० इंची करून टाकू, मामाचं लाँग शाफ्ट तसंच बसंल, मागनं लाट आत यायची पण कमी. मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मी म्हणूनच तर लाँग आणलं दाजी." घरातलं कुणीही यावर काही बोललं नाही.

रेझिनचं काम आप्पांना शिकवायला एक जण यायचा, खानापूर रोडला फायबरच्या टाक्या दुरुस्त करणारा, कन्नडच बोलायचा, आप्पांचं कन्नड कारखान्यातलं आणि त्याचं मराठी बाजारातलं, पण भांडण एकदा पण झालं नाही. त्यानं पहिल्यांदा काय सांगितलं असेल तर कोबाल्ट आणि हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट व्हायला घालायची दोन रसायनं, कधी थेट एकत्र करायची नाहीत, भडका होतो, आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर सगळ्यात शेवटी. हार्डनर एक ते दोन टक्के. आप्पांनी विचारलं, "एक की दोन?" तो आकाशाकडं बघून म्हणाला, ऊन बघून. आप्पांना हे पटेना. ऊन बघून? त्यांनी वजनकाटा आणला आणि बरोब्बर दोन टक्के घातलं, एप्रिलची दुपार, एक लिटरचा प्लास्टिकचा मग. फायबरच्या मॅटचा पहिला तुकडा लावेपर्यंत मग गरम झाला, मग धूर यायला लागला, मग मगचं बूड वितळून रेझिनचा पिवळा दगड फरशीवर पडला. तो टाकीवाला शांतपणे म्हणाला, "स्वल्प स्वल्प". थोडं थोडं. त्यानंतर आम्ही सकाळी आठच्या आत, एक टक्का, आणि पाव पाव लिटर करूनच कालवलं. तो दगड मुलीनं पेपरवेट म्हणून ठेवलाय.

पण बोल्टची भोकं पाडायची वेळ आली आणि आप्पा परत आप्पा झाले. पद्धत अशी की १२ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर आधी २० चं भोक मारायचं, ते घट्ट केलेल्या एपॉक्सीनं भरायचं, सुकल्यावर त्याच्या मधोमध बोल्टचं भोक. म्हणजे बोल्टच्या भोवती एपॉक्सीची नळी तयार होते आणि उद्या सीलंट सुटलं तरी पाणी प्लायपर्यंत पोचत नाही. दुसरं भोक पहिल्याच्या बरोब्बर मधे यावं म्हणून त्यांनी जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथवर बुश टर्न करून ड्रिल सरळ धरणारं जिग बनवलं, मायक्रोमीटरनं तपासलं, आणि बोल्टखाली घालायला स्टेनलेसच्या जाड प्लेटा. लाकडाच्या फळीला हे जरा जास्तच आहे हे मला कळत होतं, पण चारी बोल्ट हातानं, पान्याशिवाय, सर्रकन आत गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडं नाही, त्या टाकीवाल्याकडं बघितलं.

फ्लोअर, रंग, वायरिंग, केबल हे सगळं मे महिन्यात होत गेलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही, स्क्रू सगळे मुलीनं आइस्क्रीमच्या डब्यांत नावं घालून ठेवले होते म्हणून जमलं. फोर-स्ट्रोक जुन्यापेक्षा वीस-पंचवीस किलो जड असल्यामुळं बोट मागं बसू नये म्हणून बॅटरी आणि टाकी पुढं नेली. मशीन पहिल्यांदा घरीच पाण्याच्या बॅरलमध्ये चालू केलं. सुकं चालवायचं नसतं, आतला रबराचा इंपेलर क्षणात जळतो, आणि चालू झाल्यावर बाजूच्या भोकातनं पाण्याची धार आली पाहिजे. धार येईना. पाच सेकंद, सात सेकंद, मामा ओरडतोय, "मुतत नाही, बंद करा, मुतत नाही!" गल्ली सगळी गोळा झालेली. बंद केलं, भोकात तार घातली तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. काढलं, परत चालू केलं, आणि धार थेट शेजारच्या काकांच्या लेंग्यावर.

नावावरनं वाद होणार हे माहीत होतं, आमच्या भागात पाटी लावायची म्हटलं की कुठली भाषा हा प्रश्न येतोच. मामानंच सोडवला. तो आईला आक्का म्हणतो, तेच नाव, मराठीत पण आक्का आणि कन्नडात पण आक्काच. एका बाजूला हे, एका बाजूला ते. पेंटरनं दोन्ही बाजूंचे पैसे वेगवेगळे घेतले.

नदीत बोट सोडली ती बंधाऱ्यात पाणी अडवलेलं होतं तेव्हा. पाच माणसं बसली, आई काठावर, मगरी आहेत म्हणून पाय पाण्यात घालू नका ओरडत, आणि आहेतच, मामानं एक दाखवली पण. बोट सुटली, नाळ वर आली, पण फुल थ्रॉटलला आरपीएम ४६०० च्या वर जाईना, आणि पुस्तकात या मशीनला ५००० ते ६००० पाहिजे म्हणून लिहिलेलं. मामा म्हणाला मशीन दमलंय. आप्पा म्हणाले पंखा. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढं सरकंल ते, आणि १३ पिचचा पंखा म्हणजे चढाला टॉप गिअर घालून बसल्यासारखं, एक इंच पिच कमी केलं की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतो, म्हणून ११ चा आणला. ४९५०. आप्पांना ते पन्नास अजून झोपू देत नाहीत, बुडाला शेवाळ आहे काय, मशीन एक भोक वर घेऊ काय, रोज नवीन.

कागदपत्रं मात्र राहिलीत. २०२१ च्या कायद्याप्रमाणं मशीनवाल्या बोटीची नोंदणी लागते, एका ऑफिसात दुसऱ्या ऑफिसात जा म्हणतात आणि दुसऱ्यात पहिल्या. तोवर बोट मामाच्या गोठ्यापाशी, या वेळी सुलटी, ताडपत्रीखाली.

परवा मामाचा फोन आला, पाणी वाढाय लागलंय, बोट बांधतोय. आप्पांनी फोन माझ्या हातनं घेतला.

"दोर किती ठेवलास?"

"तीस फूट, दाजी."

"साठ ठेव. आणि खांबाला नको, चिंचेला बांध, वरच्या फांदीला."

"वर चढणार कोण?"

थोडा वेळ दोन्हीकडं कुणीच बोललं नाही. मग आप्पांनी मला विचारलं, चिकोडीची पहिली बस किती वाजता आहे.