उजवी बाही

"उजवी बाही परत भिजली," एवढंच म्हणून तिने तोच ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा डायव्हिंगचा पोशाख, तिसऱ्यांदा दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर ठेवला. ती सिल्फ्रात पर्यटकांना पाण्याखाली नेणारी गाईड. आइसलँडच्या थिंगवेट्लिरमधल्या या भेगेत हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकातून गाळून येतं आणि बारा महिने २ ते ४ अंशांवर असतं. मी मालवणचा. तारकर्लीच्या कोमट पाण्यात बाही भिजली काय नि न भिजली काय! इथे आतले कपडे ओले झाले की ऊब गेलीच, आणि बोटं बधिर झालेल्या गाईडच्या भरवशावर खाली माणसं असतात.

आधी दोन्ही वेळा मी नेहमीसारखी तपासणी केली होती. मनगटांच्या सीलमध्ये, म्हणजे कातडीला घट्ट बसणाऱ्या लेटेक्सच्या (रबराच्या) कडांमध्ये, रिकाम्या बाटल्या, गळ्याच्या सीलमध्ये चेंडू, झिप बंद, छातीवरच्या व्हॉल्व्हमधून हवा. सूट टम्म फुगला की ब्रशने साबणाचं पाणी लावत जायचं. छिद्र असेल तिथे बारीक फेस धरतो, त्याभोवती खडूने गोल करायचा. पहिल्यांदा कोपराच्या शिवणीवर टाचणीएवढं छिद्र सापडलं, ते बुजवलं. दुसऱ्यांदा काहीच नाही. "घाम असेल," असं सांगून मी मोकळा झालो. ते माझं चुकलंच. घामाने सगळं अंग दमट होतं, एकच बाही पिळण्याइतकी ओली होत नाही.

या वेळी मी तिलाच सूट घालायला लावला. हवा भरली, मनगटावर साबण लावला. काही नाही.

"खाली गेल्यावर या हाताने काय करतेस?"

"कॅमेरा धरते. सगळ्यांचे फोटो काढायचे असतात."

"मग आत्ता धर."

तिने मूठ आवळली. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन कंडरा दोरीसारख्या ताणून वर आल्या, मध्ये खोबण पडली, आणि त्या खोबणीतून बुडबुड्यांची माळ लागली. लेटेक्स तिथे कातडीला टेकतच नव्हतं. गोल गरगरीत बाटलीवर हे मला कधीच दिसलं नसतं.

ते सील कुणीतरी कापून फार आखूड केलं होतं, म्हणून नेमकं कंडरांवर बसायचं. मी ते काढलं, बाहीची कड पॉलिश पेपरने घासली, अ‍ॅसिटोनने पुसली आणि सोल्यूशनचे दोन हात दिले. पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. इथे घाई केली की कड सुटते. नवं सील मुद्दाम लांब ठेवलं, मनगटापासून तीन बोटं वर बसेल असं, आणि रात्रभर हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती थेट सिल्फ्राहून आली. काही न बोलता तिने बाही वर सारली. सीलचा लालसर वळ, बाकी हात कोरडा ठणठणीत.