बोक्याची पसंती

नाशिकमधल्या एखाद्या गल्लीत बांधकाम सुरू झाले आणि रस्त्याच्या कडेला वाळूची पहिली गाडी रिकामी झाली, की त्या ढिगावर पहिला हक्क गवंड्याचा नसतो, मांजराचा असतो. उजाडायच्या आधी आळीतली भाटी येते, ढिगाची उतरती बाजू हेरते, पुढच्या एका पायाने उकरते, वास घेते, मनाला आले नाही तर हातभर सरकून पुन्हा उकरते, आणि काम उरकले की चारही बाजूंनी वाळू ओढून इतके नीट झाकते की दोन तासांनी चाळणी मारायला बसलेल्या मजुराला त्याचा पत्ता हाताला लागल्यावरच लागतो. त्यानंतर तो जे बोलतो ते येथे लिहिण्यासारखे नाही. मात्र त्या भाटीने आपल्या सगळ्या अटी तेवढ्यात सांगून टाकलेल्या असतात. दाणा बारीक हवा, कोरडा हवा, उकरायला ऐसपैस जागा हवी, चारही दिशांना पाहता आले पाहिजे आणि त्या वेळी कोणी मध्ये येता कामा नये. मांजरासाठी लिटर बॉक्स, म्हणजे घरातच शी-शू करण्याची पेटी, घ्यायला बाजारात जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. पण दुकानात गेल्यावर नेमके तेवढेच ध्यानात राहत नाही, कारण तिथली प्रत्येक वस्तू पैसे देणाऱ्याच्या नाकाडोळ्यांसाठी घडवलेली असते.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत हा प्रश्न नव्हता. परसदार होते, चुलीची राख होती, आणि मांजर कुठे जाऊन येते याची चौकशी करण्याची पद्धत नव्हती. आता इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहणारा बोका वाळूचा ढीग फक्त खिडकीच्या जाळीतून पाहतो, तेव्हा तो ढीग घरात आणून देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते. आमचा खंडू असाच, तळमजला कधीही न पाहिलेला बोका आहे.

दुकानात पहिल्यांदा पुढे येते ती झाकणाची पेटी. वर घुमट, पुढे झुलते दार, कधी दाराला मांजराचे कानही काढलेले असतात. "ताई, झाकणवालीच घ्या, वास बाहेर येत नाही," असे दुकानदार सांगतो आणि ते खोटे नसते. वास बाहेर येत नाही म्हणजे तो आत कोंडतो, आणि आत कोण असते याचा विचार मात्र सौद्यात धरलेला नसतो. काही मांजरे झाकण बिनतक्रार चालवून घेतात, हे खरे; पण माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण नाक असलेल्या प्राण्याला घुमटाखाली बसवायचे, आणि मग तो दाराबाहेरच्या पायपुसण्यावर शू करतो म्हणून त्याला खोडकर म्हणायचे, हे मला पटत नाही. शिवाय झाकण असले की आतली घाण दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती उद्यावर जाते.

झाकणापेक्षाही मोठी अडचण आकाराची. पेटीची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या किमान दीडपट असावी, असा जाणकारांचा दंडक आहे. शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन झोपलेल्या बोक्याला मापावे. भरदार बोका सहज 45 ते 50 सेंटीमीटर भरतो, म्हणजे पेटी 70 सेंटीमीटरच्या आसपास हवी. दुकानांत मांडलेल्या बहुतेक पेट्या याच्या पुष्कळ आत असतात. त्या लहान का असतात, तर माणसाच्या घरात त्या कोपऱ्यात मावाव्यात म्हणून. मोठ्या बोक्याला अशा पेटीत वळताच येत नाही; तो पुढचे दोन पाय आत ठेवतो, आपण व्यवस्थित आत आहोत असे समजतो आणि मागची सगळी कारवाई फरशीवर होते.

यावर उपाय पाळीव प्राण्यांच्या दुकानात नाही, तो प्लास्टिकच्या भांड्यांच्या दुकानात आहे. गोधड्या आणि रजया ठेवण्यासाठी झाकणाचे मोठे, खोल डबे मिळतात, त्यातला एक घ्यावा, झाकण बाजूला ठेवावे, आणि एका बाजूची भिंत करवतीने कापून जमिनीपासून वीतभर, पिल्लू किंवा म्हातारे मांजर असेल तर त्याहूनही कमी उंचीचा उंबरठा करावा. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली नाही तर ती पोटाला लागते. उरलेल्या तीन भिंती उंचच राहू द्याव्यात, कारण काही बोके खाली बसून सुरुवात करतात आणि उभे राहून शेवट करतात. हा डबा दिसायला अजिबात शोभिवंत नाही. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी त्याला मासे पाळण्याची टाकी समजून आत वाकून पाहिले होते.

आता डब्यात काय घालायचे, हा खरा रंगतदार विषय आहे. मांजराच्या पेटीत राख किंवा वाळू घालण्याचा प्रकार परदेशातही जुनाच. 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लोव नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली. राखेने भरलेल्या मांजराच्या पावलांनी तिचे घर काळे होत होते. लोवच्या वडिलांचा कारखान्यांत सांडलेले तेल टिपणाऱ्या पदार्थांचा व्यवसाय होता, म्हणून त्याने वाळूऐवजी त्यातलीच शोषक माती तिला दिली. ती माती म्हणजे आपल्याकडे मुली तोंडाला लावतात त्या मुलतानी मातीच्याच जातीची. शेजारीण पुन्हा मागायला आली, तेव्हा त्याने ती पिशव्यांत भरून विकायला काढली, आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. पुढे 1980च्या दशकात त्याहून सोयीची माती आली, ती बेंटोनाइटची. ओल लागताच ती फुगते आणि तेवढ्याच भागाचा घट्ट गोळा होतो, त्यामुळे सगळी पेटी रिकामी न करता गोळा तेवढा उचलता येतो.

बेंटोनाइटचे मोठे साठे आपल्याकडे कच्छमध्ये आहेत; पण नाशिककराला या मातीची ओळख करून घ्यायला कच्छपर्यंत जावे लागत नाही. बेंटोनाइटमधले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट, आणि निफाड-दिंडोरीकडची काळी माती उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पाडते व पहिल्या पावसात फुगून त्या मिटवते, ती याच कुळातल्या खनिजांमुळे. त्याच्या पापुद्र्यासारख्या थरांमध्ये पाणी शिरले की थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पांढऱ्या वाइनमधली प्रथिने खाली बसवून ती नितळ करण्यासाठीही जगभर बेंटोनाइट वापरतात, म्हणजे द्राक्षांच्या या मुलखाला ते दुहेरी नात्याचे आहे. हे कळल्यावर आमच्या सासूबाईंनी साहजिकच विचारले, "मग दिंडोरीच्या मळ्यातली दोन घमेली आणली तर काय बिघडतं?" बिघडते ते असे, की मळ्यातल्या मातीत गाळ, काडीकचरा आणि जंतू असतात, तिचा गोळा होत नाही तर चिखल होतो, आणि तो पंजांना चिकटून थेट पलंगावर येतो.

बाजारात दुसरेही प्रकार आहेत. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या, सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेले हलके लिटर (पेटीत घालायच्या भरावाला लिटरच म्हणतात), आणि बुटांच्या खोक्यात पुडी असते त्या सिलिका जेलचे खडे. खडे ओल चांगली टिपतात; पण पंजाखाली बोचतात. बहुतेक मांजरांचा कौल बारीक दाण्याला पडतो. सुगंधी लिटरबद्दल मात्र मी आडपडदा न ठेवता लिहीन: लॅव्हेंडरचा तो वास आपल्यासाठी आहे, आणि वास लपवायला वास घालण्यापेक्षा पेटी साफ करणे स्वस्त पडते. पिल्लू अगदी लहान असेल आणि दिसेल ते तोंडात घालत असेल, तर गोळा होणारी माती त्याला देऊ नये. पोटातही ती तिचे काम करते. डब्यात दोन ते तीन इंच थर पुरतो.

पेट्या किती, याचा नियम मांजरांच्या संख्येत एक मिळवून येतो. एका बोक्याला दोन पेट्या म्हटल्यावर सासूबाई हातातले निवडणे थांबवून म्हणाल्या, "अगं, आमच्या वाड्यात बिऱ्हाडं नऊ आणि संडास दोन होते. सकाळी टमरेल घेऊन रांग लागायची. या खंड्याला एकट्याला दोन?" यावर उत्तर नव्हते. दुसरी पेटी आली, बेडरूमच्या दारामागे बसली, आणि खंडू एकीत शू व दुसरीत शी करू लागला, तेव्हा त्यांनी "नबाब आहे" एवढाच शेरा मारला.

गोळे काढण्याचे फावडे हे जाळीचे असते आणि ते थेट झाऱ्यासारखे दिसते, म्हणून ते स्वयंपाकघरापासून दूर, पेटीशेजारीच खिळ्याला टांगलेले बरे. गोळे रोज काढावेत, जमल्यास दोनदा. याला वासापलीकडचेही कारण आहे. घरात सुनेला दिवस गेले की मांजर बाहेर काढा, असे वडीलधारे सांगतात आणि अनेक मांजरे त्या एका वाक्यापायी रस्त्यावर येतात. भीती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते आणि ती निराधार नाही. पण संसर्ग झालेल्या मांजराच्या विष्ठेतून पडणारी त्याची बीजे लगेच बाधत नाहीत, त्यांना त्यासाठी एक ते पाच दिवस लागतात, आणि मांजरही ती बहुधा आयुष्यातल्या थोड्याच काळात टाकते. गर्भवतीने पेटीला हात न लावता घरातल्या दुसऱ्या कोणी ती रोज साफ केली, आणि कच्चे-अर्धकच्चे मांस व न धुतलेल्या भाज्या टाळल्या, तर मांजराला घर सोडावे लागत नाही. हे काम घरातल्या पुरुषाने करण्यास कोणतीही शास्त्रीय हरकत नाही.

पेटी धुताना आपल्या घरांत हात आपोआप फिनाइलच्या बाटलीकडे जातो, तो तिथेच थांबवला पाहिजे. फिनॉलच्या जातीची रसायने शरीरात मोडून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते, आणि धुतलेल्या पेटीत चाललेले पंजे ते नंतर चाटतेच. ब्लीचिंगचेही तसेच, मूत्रातल्या अमोनियाशी मिळून त्याचा घातक वायू होतो. कोमट पाणी, वास नसलेला साधा साबण आणि कडक ऊन, एवढे पुरते. काढलेले गोळे संडासात टाकू नयेत. जी माती पेटीत फुगते ती पाइपमध्येही फुगते. ते कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून घंटागाडीत द्यावेत, आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच मिसळू नयेत.

गोळा होणाऱ्या मातीचा एक फायदा दुकानदार सांगत नाही. रोज किती गोळे आणि केवढे, हे काढणाऱ्याच्या हाताला ठाऊक होते. ते एकाएकी मोठे आणि जास्त होऊ लागले, तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची शंका घेऊन रक्त तपासून घ्यावे. याच्या उलट, बोका वारंवार पेटीत जाऊन बसतो, पाठ वाकवून जोर लावतो, ओरडतो, सारखा खालचा भाग चाटतो आणि मातीत गोळा मात्र होत नाही, तर त्याला बद्धकोष्ठ झाला असे समजून सकाळची वाट पाहू नये. नर मांजराची मूत्रनलिका अरुंद असते, तिच्यात बारीक खडे किंवा चिकट गाठ अडकली की मूत्र तुंबते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. रात्र असली तरी त्याच वेळी प्राण्यांच्या डॉक्टरांना गाठावे.

राहिला जागेचा प्रश्न, आणि आपल्या फ्लॅटमध्ये तो सर्वांत अवघड आहे. बाथरूममध्ये बादलीने अंघोळ होते, तिथे पेटीत पाणी उडून चिखल होतो. ड्राय बाल्कनी सोयीची वाटते. पण तिथे वॉशिंग मशीन असते, आणि बोका आत असताना ते घुसळायला लागले, तर त्या जागेवर त्याचा कायमचा बहिष्कार पडतो. उघड्या बाल्कनीत पावसाळ्यात माती ओलावा धरते आणि डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत पहाटे बाहेर जाण्याची त्याची इच्छा नसते. स्वयंपाकघरात आपल्याला नको आणि जेवणाच्या वाटीजवळ त्याला नको. आमच्या घरातला सर्वांत शांत, कोरडा, वर्दळ नसलेला कोपरा देवघराचा आहे. ती चर्चा सुरू होण्यापूर्वीच संपली.

खंडूने स्वतः निवडलेली जागा हॉलमध्ये, टीव्हीच्या कपाटाशेजारी होती, तिथून दार आणि खिडकी दोन्ही दिसते. मोठी पेटी तिथेच मांडली. त्याला सवय लागल्यावर तिला पॅसेजच्या टोकाला न्यायचे ठरले. पण मांजराची पेटी एका दमात उचलून दुसरीकडे ठेवली, तर ते जुन्या जागीच जाऊन बसते, म्हणून ती रोज वीतभर सरकवावी लागते. मध्येच खंडूला एखादा मुक्काम नापसंत पडला की दोन पावले मागे यावे लागते. सध्या पेटी हॉल आणि पॅसेजच्या मधोमध, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ओलांडावी लागेल अशा जागी आहे, आणि गौरी घरात यायच्या आत ती पलीकडे गेलीच पाहिजे, असे सासूबाईंनी मला आणि खंडूला एकत्र बसवून बजावले आहे.