तुम्ही विचारलंत म्हणून: चौपदरी रस्ता सोडून हा वळसा कशासाठी?

सावनेरला जाणारा चौपदरी महामार्ग सरळ असताना तुम्ही सायकल घेऊन फेटरी, कळमेश्वर, धापेवाडा, आदासा असा वळसा का घालता, हा प्रश्न मला नागपुरात भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. आजवर मी हसून विषय बदलत आलो. आता एकदाच नीट उत्तर देतो.

ट्रकच्या वाऱ्याने हँडल डगमगते, हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. मला पाहायला जायचे असते. काटोल रोडलगत जुनापाणीला लोहयुगातील दफनांची शिलावर्तुळे आहेत. कळमेश्वरच्या पुढे संत्र्याच्या बागा लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहर फुलला की त्यांचा वास रस्त्यावर येतो. चंद्रभागेकाठच्या धापेवाड्याला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात, आणि तिथे विठ्ठलासमोर थोडा वेळ बसल्याशिवाय मी पुढे जात नाही. पावसाळ्यात मात्र पांदणीत शिरू नये. काळी माती चाकांत अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

शांतता हवी म्हणून जातो, असेही मी पूर्वी अभिमानाने सांगत असे. ते वाक्य आता माझ्या तोंडून सहज निघत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. त्यांच्या मागण्यांविषयी माझी काही तक्रार नव्हती, पण ते रस्ते इतके निवांत मी आधी कधी पाहिले नव्हते आणि त्याचा मला निखळ आनंद होत होता. कापसाची वेचणी सुरू होती, तूर शेंगांनी लगडलेली होती. धापेवाड्याच्या अलीकडे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी भराभर चालत होती. मी घंटी वाजवली तेव्हा ती बाजूला न होता थांबली आणि म्हणाली, "काका, मले शाळेपर्यंत सोडून देता का? आज पेपर हाय."

माझ्या सायकलला कॅरिअर नव्हते. वजन कमी व्हावे म्हणून मी ते काढून टाकले होते. तसे सांगताच ती मागच्या चाकाकडे बघत राहिली, कारण एवढ्या महागड्या दिसणाऱ्या सायकलवर माणूस बसवता येत नाही, हे तिला पटत नव्हते. मी उतरलो, तिचे दप्तर हँडलला अडकवले आणि तिच्याबरोबर चालू लागलो. त्याने ती लवकर पोहोचणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होते. थोड्या वेळाने तिने विचारले, "तुमी इथं काय पाहाले येता?" मी बागा म्हणालो, शांत रस्ता म्हणालो. ती म्हणाली, "एसटी चालू असली का मंग हा रस्ता चांगला वाटते."

शाळेच्या फाटकाशी तिने दप्तर घेतले आणि धावत आत गेली. पेपर किती सुटला, मला माहीत नाही. आदाशाच्या गणपतीपर्यंत मी त्या दिवशी गेलोच नाही.

ज्या निर्जनतेला मी सौंदर्य म्हणत होतो, तिचा भार कोणीतरी पायी वाहत होते, हे मला मान्य आहे. पण म्हणून बहराचा वास खोटा ठरतो किंवा मी घरी बसावे, असे मला वाटत नाही. माझ्या न जाण्याने कोणाची गाडी वेळेवर येणार नाही. पुढे मी कॅरिअर बसवून घेतले. त्याने काही सुटते, असा माझा दावा नाही.

वाटेवरच्या गावांतील लोक आपापल्या गावचा लहान रस्ता रुंद व्हावा म्हणतात. त्यांचे म्हणणे रास्त आहे आणि मला विचारले तर त्यांच्या निवेदनावर मी सहीही करीन. मग रुंद झालेल्या त्या रस्त्याने तुम्ही जाल का, असा तुमचा पुढचा प्रश्न असेल. बहुधा नाही जाणार. या दोन उत्तरांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.