पार्सल ‘आरटीओ’ला गेलं आणि त्याच्यामागे मी

आधी एक सांगून टाकते, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. तुमचं घर वाडीवर असेल आणि कुरियरनं पुस्तकं मागवणार असाल, तर पत्त्यात स्वतःचं घर लिहू नका. एस.टी. थांब्याजवळच्या किराणा दुकानाचं नाव लिहा, दुकानदाराचा मोबाइल नंबर लिहा आणि त्याला तसं सांगून ठेवा. मी हे केलं नाही. सतरा दिवस गेले.

मागवलं काय होतं, तर फेलूदा. सत्यजित राय यांच्या त्या गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आणि रोहन प्रकाशननं बारा पुस्तकांचा संच काढला, तो. जोडीला भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची सहा. आणि मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ची नवी प्रत, कारण जुनी वाचायला नेलेल्या व्यक्तीनं परत दिलेली नाही. ती व्यक्ती कोण, हे मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे.

माझं वय बावन्न. गावातल्या विकास सोसायटीत हिशेब लिहिते. घरात शाळेत जाणारं मूल नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण या सतरा दिवसांत मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न ‘पार्सल नंबर काय?’ हा नव्हता, ‘मुलगा कितवीत आहे?’ हा होता.

किशोरांच्या कादंबऱ्यांचं माझं वेड सातवीतलं. आमच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली गुरुजींच्या जानव्याला. शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर एकच पुस्तक मिळायचं. एकदा फेणे मिळाला. फुरसुंगीचा बनेश फेणे, काटकुळा, सायकलवरचा, तोंडानं ‘ट्टॉक’ करणारा. रात्री कंदिलापाशी वाचत वाचत ऐन मोक्याला आले, पान उलटलं आणि पुढे पानंच नाहीत. वाळवीनं शेवटचा भाग खाऊन पुठ्ठ्याला मातीची नक्षी केली होती. बन्या त्या अडचणीतून सुटला हे उघड आहे, नाहीतर पुढची पुस्तकं आली नसती. पण कसा सुटला, हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. कोकणात वाढलेल्या वाचणाऱ्या माणसाकडे असं एखादं अर्धं पुस्तक असतंच.

यंदा काजू बी बरी विकली गेली. त्यातले थोडे पैसे बाजूला काढले आणि १९ एप्रिलला मागणी नोंदवली. म्हणजे पुण्यातल्या माझ्या भाच्यानं त्याच्या खात्यावरून नोंदवली, मी त्याला पैसे पाठवले. पाच मिनिटांचं काम. पार्सल दोन दिवसांत निघालं, चौथ्या दिवशी कोल्हापूर, सहाव्या दिवशी आमच्या तालुक्याच्या गावी. इथपर्यंत तक्रार नाही.

तालुक्याहून आमची वाडी अठरा किलोमीटर.

पंचवीस तारखेला दुपारी भाच्याचा फोन. ‘मावशी, तू घरी नव्हतीस का? डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही, असा मेसेज आलाय.’ मी त्या दुपारी अंगणात सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत घालत होते. हात कोपरापर्यंत लाल. आमच्याकडे अनोळखी माणूस पाणंदीत शिरला तरी कुत्रा गाव गोळा करतो, आणि कुत्रा पायरीवर झोपला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मेसेज. तिसऱ्या दिवशी सोसायटीतून रजा घेतली आणि सकाळपासून खळ्यात खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी मेसेज आला: पत्ता अपूर्ण.

पत्ता अपूर्ण! वाडीचं नाव, घर नंबर, देवळाची खूण, मु. पो., तालुका, जिल्हा, पिन कोड, सगळं त्यात होतं. त्याच पत्त्यावर लग्नाच्या पत्रिका येतात, एलआयसीची नोटीस येते. आमचे पोस्टमन तर नुसत्या नावावर पत्र आणून देतात, वर घरात काय शिजलंय तेही विचारतात.

मग ग्राहक सेवेला फोन. मराठीसाठी तीन दाबायचं, तीन दाबलं की बाई हिंदीत बोलते. तिनं खूण विचारली. मी म्हटलं, सातेरीचं देऊळ. तिनं तीनदा स्पेलिंग विचारलं आणि मग म्हणाली, ‘मॅडम, मॅप पे नहीं आ रहा है।’ सातेरी मॅपवर यायची वाट बघत बसलेली नाही, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं. २४ ते ४८ तासांत होईल म्हणाली. असे चार फोन केले, दर वेळी २४ ते ४८ तास नव्यानं सुरू.

यात माझंही चुकलं. रागारागात मी दोनदा तक्रार नोंदवली आणि दुसरीमुळे पहिली आपोआप बंद झाली, हे मागाहून समजलं. एकाच तक्रारीचा नंबर धरून बसायचं.

पाच मे. भाच्याचा मेसेज: ‘मावशी, पार्सल आरटीओला गेलं.’

मला घाम फुटला. आरटीओ म्हणजे माझ्या डोक्यात एकच: लायसन्स, एजंट, लांबलचक रांग. वाटलं, गाडी पकडली असेल, पुस्तकं जप्तीत गेली. फोन केला तर भाचा हसत सुटला. कुरियरवाल्यांच्या भाषेत आरटीओ म्हणजे माल पाठवणाऱ्याकडे परत. तीन खोटे ‘प्रयत्न’ झाले की पार्सल आल्या वाटेनं निघतं. अजून तालुक्यातच आहे, रात्री किंवा उद्या हलेल, असं त्याच्या मोबाइलवर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊच्या एस.टी.नं तालुक्याला गेले. कुरियरचं ऑफिस शोधण्यात पाऊण तास. बोर्ड नाही, पेट्रोल पंपामागे शटरचा गाळा, आत पोत्यांची थप्पी आणि हातात स्कॅनर घेतलेला पंचविशीतला मुलगा. मी नंबर दाखवला. त्यानं स्कॅनर न उचलताच सांगितलं, ‘काकी, ह्यां आरटीओत पडला. आता माझ्या हातात नाय.’

‘पण पार्सल कुठे आहे?’

त्यानं हनुवटीनं दाखवलं. परतीच्या ढिगात वरून दुसरं. खोक्याचा एक कोपरा फाटलेला, आतून पुस्तकाची पाठ दिसत होती. अक्षरं अर्धीच, पण मी ओळखली. दोन हातांवर फेलूदा आणि मध्ये एक मोडकं टेबल.

‘पोरग्याची पुस्तकां काय? झील कितवीत आसा?’

‘माझी आहेत. मीच वाचणार.’

तो क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, ‘असां!’

पुढचे चार तास असे गेले. आरटीओचा शेरा लागलेलं पार्सल देता येत नाही. शेरा काढायला कोल्हापूरच्या साहेबाची परवानगी लागते. साहेब फोन उचलत नाही. परतीची गाडी चार वाजता येणार. साहेबानं बाराच्या सुमारास फोन उचलला आणि शेरा काढायचं कबूल केलं, तर पुढची अडचण: ओटीपी. तो जाणार भाच्याच्या मोबाइलवर, कारण खातं त्याचं. आणि भाचा प्रात्यक्षिक परीक्षेला बसलेला, मोबाइल वर्गाबाहेर बॅगेत. वर मला आधार कार्ड मागितलं. पार्सलवर भाच्यानं प्रेमानं माझं माहेरचं नाव घातलेलं, आधारवर सासरचं.

मी भांडले. माझा आवाज चढला, हे कबूल करते. बाहेर पेट्रोल भरायला आलेले दोघे आत डोकावून गेले. पण तो मुलगा हलला नाही. ‘ओटीपी नाय तर मी हात लावूचंय नाय. उद्या दुसऱ्या कोणी येऊन नेल्यान तर तुम्हीच माका धरतालात.’ तेव्हा संताप आला होता. आता वाटतं, त्या सगळ्या साखळीत नियमानं वागणारा तेवढाच एक होता.

वाट बघताना खरं कारण त्यानंच सांगितलं. आमच्या गावाला स्वतःचं मोठं पोस्ट नाही, पिन कोड नदीपलीकडच्या गावाचा. कुरियरचं यंत्र पिन कोड बघून पार्सल वाटतं, म्हणून आमचा माल पलीकडच्या गावाच्या फेरीत टाकला जातो. त्या फेरीतल्या पोराला आमच्या वाडीवर यायचं तर पुलावरून मोठा वळसा, आणि पार्सलमागे मिळणारे पैसे तेवढेच. तो येत नाही, मोबाइलवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ दाबून टाकतो. ‘तुमची वाडी माका म्हायत आसा. पण थंय कोण जाताला?’ हे त्यानं इतक्या सरळपणे विचारलं, की मला उत्तर सुचेना.

दोन वाजून वीस मिनिटांनी भाच्याचा फोन आला. सहा आकडे. नावाच्या गोंधळावर पॅन कार्ड कामी आलं, त्यावर अजून माहेरचंच नाव आहे. (पॅन बदलून घे म्हणून घरचे दहा वर्षं मागे लागलेत. आता तर मुळीच बदलणार नाही.) पावणेतीनला खोकं माझ्या हातात. वजन चार किलोच्या आसपास असेल, पण मी ते हमालासारखं डोक्यावर घेऊन स्टँडवर गेले. ओळखीच्या दोघी भेटल्या. त्यांना वाटलं, आंब्याची पेटी.

एस.टी.त पेटीची पट्टी केसातल्या पिनेनं फाडली. पहिला हात फेणेवर गेला, आणि शेवटाकडून वाचायला सुरुवात केली. बन्या कसा सुटला ते इथे सांगणार नाही. चाळीस वर्षं मी थांबले, तुम्हीही मिळवून वाचा. एवढंच म्हणेन की मी कल्पनेत त्याला सोडवलं होतं त्यापेक्षा भागवतांनी सोपं सोडवलं, आणि माझं चांगलं होतं असं मला अजून वाटतं.

फेलूदा मात्र आताच पहिल्यांदा वाचतेय. पाच झाली. १९६५ साली राय यांनी ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात तो आणला आणि पुढे जन्मभर लिहीत राहिले. गोष्ट सांगतो तोपशे, त्याचा धाकटा चुलतभाऊ, म्हणून सगळं शाळकरी पोराच्या नजरेनं दिसतं. मला सर्वांत आवडले ते लालमोहनबाबू, ‘जटायू’ नावानं थरारक कादंबऱ्या लिहिणारे. त्यांच्या पुस्तकांत तपशिलाच्या घोडचुका असतात आणि फेलूदा त्या शांतपणे दुरुस्त करतो. वेरूळची गोष्ट आधी घ्या. भुवनेश्वरच्या देवळातून चोरलेल्या यक्षीच्या शिरावरून सुरू होते आणि पोचते आपल्या कैलास लेण्यापाशी. वेरूळला मी सहलीबरोबर गेले होते, तेव्हा लक्ष सगळं डब्यातल्या पुरीभाजीवर. आता पुन्हा जायला हवं.

‘शाळा’ अजून उघडलेली नाही, ती पावसाळ्यासाठी ठेवलीय. आणीबाणीच्या काळातली नववी, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. चौथ्यांदा वाचणार.

पोस्टाबद्दल सांगायचं राहिलंच. विकणारा तयार असेल तर त्याला सांगा की ज्ञान पोस्टनं पाठव. १ मे २०२५ पासून ही सेवा सुरू आहे, खास पुस्तकांसाठी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण पार्सल कुठवर पोचलं ते कळतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असलं पाहिजे आणि जाहिरातीचा माल चालत नाही. मला हे पार्सल अडकल्यावर पोस्टमननीच सांगितलं, तेही अगदी सहज, सोलं कशी झालीत ते विचारता विचारता. ‘आमका सांगला असतात तर दारात दिलं असतंय.’

आणखी एक: ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येणार, तोच पार्सल घेणारा असू द्या. भाच्याला परीक्षा असतात.

पुस्तकं सध्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, कडुलिंबाचा पाला आणि कापराच्या वड्या घालून. लाकडी कपाटावर माझा विश्वास सातवीतच उडाला.

संच मोजला तेव्हा अकराच पुस्तकं निराळी निघाली. काठमांडूचं दोनदा आलंय आणि मुंबईचं नाहीच. दुकानवाल्यांना कळवलं. ते म्हणाले, बदलून देऊ, जास्तीची प्रत आमच्या कुरियरच्या माणसाकडे द्या, तो घरी येऊन नेईल.

दोन्ही काठमांडू ठेवून घेतलीत. मुंबईचं भाचा मेअखेर येताना हातात घेऊन येणार आहे.