दोन दिवसांचं काम

"मॅडम, पबमेडवर सर्च मारायचा, आकडा काढायचा. दोन दिवसांचं काम," असं आमच्या नेत्रविभागाचे प्रमुख म्हणाले आणि मीही मान डोलावली. पबमेड म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. सरांना हवं होतं ते इतकंच: २००० ते २०२२ या काळात महाराष्ट्रातून डोळ्यांच्या विषयावर किती संशोधन छापून आलं. या कामात माझे साडेचार महिने गेले.

पहिल्या दिवशी लेखकाच्या पत्त्याच्या रकान्यात ‘महाराष्ट्र’ टाकलं. आकडा इतका किरकोळ आला की माझाच विश्वास बसेना. दहा-बारा लेख उघडल्यावर कळलं, मुंबईकर पत्त्यात महाराष्ट्र लिहीतच नाहीत. मुंबई, इंडिया, संपलं. मग गावांची यादी करायला बसले. मुंबई आणि बॉम्बे. पुणे आणि पूना. नाशिकची दोन स्पेलिंगं. सेवाग्राम आणि सावंगी लिहिणारे कधी वर्धा लिहितात, कधी नाही. लोणी टाकलं की गाझियाबादजवळचं लोणी येणार, औरंगाबाद टाकलं की बिहारमधलंही येणार. आमच्या स्वतःच्या कॉलेजचं नाव अकरा तऱ्हांनी छापलेलं सापडलं, त्यातलं एक तर चक्क चुकीचं.

विषयाचे शब्द ही दुसरी चाळण. स्कोपस या दुसऱ्या, सगळ्या विषयांच्या सूचीत ‘आयरिस’ टाकलं आणि इंजिनीअरिंगवाल्यांचे पेपर बदाबदा कोसळले. बुबुळावरून माणूस ओळखणारे काही होते, ते तरी समजू शकते. पण बाकीचे फुलांचे! आयरिस नावाच्या फुलाच्या तीन जातींची दीडशे फुलं मोजलेला एक तक्ता आहे. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३६ साली तो वापरला, आणि मशीन लर्निंग शिकणारं प्रत्येक पोर आजही त्याच्यावरच हात साफ करतं. ‘प्युपिल’ म्हणजे डोळ्याची बाहुली, पण ते टाकलं की शाळेतले विद्यार्थी येतात. ‘लेन्स’चं तर बोलायलाच नको.

दोन्हीकडच्या याद्या एकत्र करताना एक्सेलनं वेगळाच छळ मांडला. पान ५-९ असलेला लेख ‘०५-सप्टें’ होऊन बसला. पबमेडमधल्या शीर्षकाच्या शेवटी टिंब असतं, स्कोपसमध्ये नसतं. तेवढ्या टिंबावरून एकाच लेखाचे दोन लेख होत होते. असे जोड हुडकण्यात दिवाळीची सुट्टी गेली.

शेवटी आलेख काढला. २०१४पासून रेघ एकदम वर चढलेली. सर खूष. "बघा, त्या सुमारास आपल्याकडं संशोधनाचं वातावरण तयार झालं," म्हणाले. मलाही बरं वाटलं, पण मनात खुट्ट झालंच. असं एका वर्षात वातावरण तयार होतं होय? दोन दिवसांनी उलगडा झाला. पबमेड आधी फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवायचं, २०१४पासून सगळ्या लेखकांचे पत्ते घ्यायला लागलं. म्हणजे पहिला लेखक मदुराईचा आणि तिसरा मुंबईचा असेल, तर २०१० सालचा लेख माझ्या जाळ्यात येतच नव्हता आणि २०१६ सालचा येत होता. संशोधन वाढलंही असेल, पण त्या चढाला निम्मं तरी नोंदवहीच जबाबदार होती. म्हणून दोन रकाने केले: एक फक्त पहिल्या लेखकाचा, सगळ्या वर्षांना सारखा लावता येणारा. दुसरा कुणीही महाराष्ट्रातलं असलं तरी चालेल असा. पहिल्या रकान्याच्या आलेखातला तो चढ बराच ओसरला. सरांचा चेहराही.

मग त्यांना दक्षिणेशी तुलना हवी झाली. तिकडं १९७६ला सुरू झालेलं मदुराईचं अरविंद, १९७८चं चेन्नईचं शंकर नेत्रालय, १९८७चं हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, अशा खास डोळ्यांच्याच संस्था. पण राज्यानुसार मोजायला गेलं की हैदराबादची पंचाईत. २०१४पर्यंतचे पेपर आंध्रात, नंतरचे तेलंगणात. इमारत एकच, राज्यं दोन. वर सिंधमधलं हैदराबादही यादीत घुसतं. कोविडच्या काळात म्युकरमायकोसिस या डोळ्यांपर्यंत पोचणाऱ्या बुरशीच्या आजारावर २,८२६ रुग्णांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात देशभरातली केंद्रं होती. तो लेख कुठल्या राज्याच्या खात्यात टाकायचा? मी सहभागी राज्यांना प्रत्येकी एक दिला. वाटून अपूर्णांकातही देता आला असता, पण मग सगळीच यादी पुन्हा मोजावी लागली असती आणि तेवढं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

तक्ता दिला त्या दिवशी सरांनी बोट फिरवत यादी वाचली आणि थांबले. "माझा २००६चा पेपर कुठाय?"

शोधला. सर तेव्हा सरकारी कॉलेजात होते. पत्ता होता: नेत्ररोग विभाग, गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज, इंडिया. ना गाव, ना राज्य.

"मग टाका की तेवढा," सर म्हणाले.

"सर, तुमचा टाकला तर अशा पत्त्याचे बाकीचेही शोधायला हवेत."

ते काहीच बोलले नाहीत. नागपूर, मिरज, जम्मू, तिरुवनंतपुरम, सगळीकडं याच नावाची कॉलेजं आहेत. सध्या एकेक पीडीएफ उघडून लेखकाच्या ईमेलवरून आणि रुग्णांच्या गावांवरून ओळखतेय. सरांचा पेपर अजून बाहेरच आहे.