रुईच्या फुलातला रॉबर्ट ब्राउन
लातूरला ट्युशनला जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, पेशीचं केंद्रक कोणी शोधलं? झोपेतून उठवलं तरी सांगेल, रॉबर्ट ब्राउन, 1831. एका मार्काचा प्रश्न, पाठ झाला, विषय संपला. मला याचं फार वाईट वाटतं, कारण आपल्या बांधावरच्या रुईशी या माणसाचा थेट संबंध आहे आणि क्लासमधी ते कुणीच सांगत नाही.

जन्म 1773 चा, स्कॉटलंडमधलं मॉन्ट्रोज. एडिनबराला डॉक्टरकी शिकायला गेला पण डिग्री काही घेतली नाही, मग पलटणीत सर्जनच्या हाताखाली नोकरी आणि रिकाम्या वेळात झाडं गोळा करायची. 1801 ला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सनी त्याला कॅप्टन फ्लिंडर्सच्या जहाजावर ऑस्ट्रेलियाला पाठवलं, 1805 ला परत आला तो हजारो वाळलेले नमुने घेऊन, आणि त्यातल्या कितीतरी वनस्पतींना तोवर शास्त्रीय नावच नव्हतं.

आता रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतो तीच. तिच्या प्रजातीचं कॅलोट्रॉपिस हे नाव ब्राउननं दिलेलं. फूल नीट बघितलंय का कधी? मधल्या पाचकोनी मुकुटाच्या कोपऱ्यांवर बारीक काळे ठिपके असतात, त्यातला एक सुईनं हळूच वर ओढला की त्याला लटकलेल्या दोन पिवळ्या चपट्या पिशव्या बाहेर येतात. सगळे परागकण त्यात पॅक. भुंग्याचा पाय फटीत अडकला की तो ही जोडी घेऊनच उडतो. (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, लई वाईट असतो.)

रुईच्या भाऊबंदांत आणि ऑर्किडमधी फलन नेमकं कसं होतं हे ब्राउन साध्या एका भिंगाच्या मायक्रोस्कोपखाली बघत होता, आणि ऑर्किडच्या पेशींमधी त्याला एक गोल ठिपका दिसला, एका पेशीत नाही तर पेशीमागून पेशीत. तेच आपलं केंद्रक! त्याच्या आधीही काहींना दिसलं होतं, पण हा पेशीचा नेहमीचा भाग आहे हे त्यानं ओळखलं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते 1827 चं काम. परागकणांमधले बारीक कण पाण्यात सारखे थरथरत होते. दुसरा कुणी असता तर हाच जीव म्हणून मोकळा झाला असता, यानं मात्र वर्षानुवर्षं वाळलेली झाडं घेतली, मग काच कुटली, दगड कुटले, आणि ती निर्जीव पूडही तशीच हलली, म्हणजे जिवंतपणाचा संबंधच नाही. पाण्याचे रेणू कणांना धक्के देतात हे गणित आइनस्टाइननं मांडलं थेट 1905 ला.

10 जून 1858 ला ब्राउन गेला. त्यामुळं लंडनमधल्या निसर्ग अभ्यासकांच्या लिनियन सोसायटीची सभा पुढं ढकलली, आणि 1 जुलैच्या त्या सभेत डार्विन आणि वॉलेसचे उत्क्रांतीवरचे निबंध वाचले गेले.